शाफई मशिदीतलं सागवान

सौदीतलं आमचं राबिघ दोन दिवसांत बघून संपलं. समुद्र, रिफायनरीच्या चिमण्या, सुपरमार्केट, खलास! व्हिजिट व्हिसावर आलेल्या अब्बांना पुढचे दोन महिने नुसतं सोफ्यावर बसवायचं? तरुणपणी ते जेद्दात सुतार होते, जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या दुरुस्त करायचे. श्रीवर्धनला परतल्यावर त्यांनी होड्या बांधल्या. दोन वर्षांपूर्वी हात थरथरू लागले तेव्हा सगळी हत्यारं पुतण्याला देऊन टाकली, आणि लाकडाचं नावच घेणं सोडलं.

म्हणून मी शनिवार ठरवला. जायचं अल-बलदला, म्हणजे जुन्या जेद्दात, शाफई मशीद बघायला. मिनार सातआठशे वर्षांचा आहे म्हणतात. शिवाय आम्ही कोकणी मुसलमानही शाफई पंथाचेच.

"मशीद काय, आपल्या गावातपण आहे," अब्बा म्हणाले. तरी टोपी घालून सगळ्यांत आधी गाडीत बसले.

राबिघहून जेमतेम दोन तास. रस्ता सरळसोट, पाणी आणि पेट्रोल भरून निघा. गाडी मी चालवतेय याचा अब्बांना अभिमान होता आणि धसकाही. "हळू गो, हळू!" मागून माझी नऊ वर्षांची लेक झोया म्हणाली, "नाना, चिल!"

जेवायला जेद्दातल्या शराफिया भागात थांबलो. आपल्याकडच्या चवीची हॉटेलं तिथे ढिगानं आहेत. तिघांचा मासे-भात साठ रियालच्या आत झाला. अब्बांनी सुरमईला नावं ठेवली आणि आणखी एक तुकडी मागवली.

अल-बलदच्या गल्ल्या अरुंद आहेत, गाडी बाहेरच लावा आणि चालायचे बूट घाला. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाला पोचलात तर मशीद नक्की उघडी मिळते. बायकांची जागा वेगळी असते, म्हणून मी आणि झोया तिकडे गेलो.

नमाज संपला. माणसं पांगली. अब्बा मात्र बाहेर आलेच नाहीत. दहा मिनिटं गेली, वीस गेली. त्यांचा फोन गाडीतच राहिलेला. शेवटी मीच दारातून डोकावले.

अब्बा एका जुन्या लाकडी चौकटीला नाक लावून उभे होते! चाव्यांचा जुडगा घेतलेला म्हातारा येमेनी रखवालदार त्यांच्याकडे येत होता. आता हा ओरडणार, असं मला वाटलं.

"हिंदी?" त्यानं विचारलं.

अब्बांनी आधी चौकटीवर हात ठेवला, मग स्वतःच्या छातीवर. "हादा हिंदी. अना हिंदी." लाकूडही हिंदुस्थानी, मीही हिंदुस्थानी.

रखवालदार खो खो हसला आणि त्यानं आम्हालाही आत बोलावलं. मोकळं अंगण, भोवती कमानी, वर संध्याकाळचं ऊन. अब्बा कुणाकडेच बघत नव्हते. "सागवानच हे. रेष बघ, झोया. आणि जोड बघ, खिळा एक नाही!"

"देन हाऊ डझ इट स्टँड, नाना?"

झालं. तिथून राबिघपर्यंत त्यांचं तोंड मिटलं नाही.

मशिदीचे फोटो मी भरपूर काढले, पण अजून नीट पाहिलेलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी अब्बांनी मला हार्डवेअरच्या दुकानात नेलं. करवत, पटाशी, दोन फळ्या घेतल्या. आठवडाभर बाल्कनीत अब्बा सांगत होते आणि झोया कापत होती. मध्येच तिच्या हातावर त्यांचा थरथरता हात यायचा.

स्टूल तयार झालं. तीन पाय टेकतात, चौथा हवेत. आमच्या घरात सध्या त्याच्यावर बसण्यासाठी भांडणं होतात.