उणे दहाची स्लीपिंग बॅग

दापोलीहून सकाळच्या पहिल्या एसटीने मी रत्नागिरीकडे निघाले ती भांडायला. कंडक्टर ओळखीचा. त्याने आज शाळा नाही का म्हणून विचारलं, तेव्हा मी मांडीवरच्या निळ्या गाठोड्यावर हात ठेवून सांगितलं की ही स्लीपिंग बॅग हातखंब्याच्या दुकानदाराला परत करायची आहे आणि त्याला चार गोष्टी सुनवायच्या आहेत. माझा चेहरा पाहून तो तिकीट देऊन पुढच्या सीटकडे वळला.

मी दापोलीजवळच्या एका गावात भूगोल शिकवते. वय एक्कावन्न. गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही चार शिक्षिका उत्तराखंडात बर्फातल्या शिबिराला गेलो होतो. अकरा हजार फुटांवर तंबू, आणि शेवटच्या दिवशी एका शिखरावर चढाई. त्या चढाईसाठी मी सहा महिने रोज गावामागचा सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) चढत-उतरत होते. शिखर काही मला दिसलं नाही. दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, तिसऱ्या दिवशी पायाची बोटं पांढरी पडली आणि शिबिरप्रमुखाने मला खाली पाठवलं. खाली पाठवलं त्याचं दुःख नाही, ते त्याचं कामच होतं. पण सगळ्यांसमोर तो म्हणाला की समुद्राकाठच्या माणसांचं शरीरच असं असतं, त्यांना थंडी सोसत नाही. माझ्या बॅगेकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. कव्हरवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'उणे १०' छापलेलं होतं, आणि त्या दोन्ही रात्री तंबूबाहेरचा पारा उणे सहाच्या खाली गेला नव्हता. बॅग बरोबर होती असं सगळे धरून चालले. म्हणजे चुकीची होते ती मीच.

वर्षभर मी हे गिळून बसले होते. यंदा पुन्हा नाव घातलं, आणि निघण्याआधी या बॅगेचा निकाल लावायचा असं ठरवलं.

खेड गेलं, चिपळूण गेलं. संगमेश्वरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे बस चांगला अर्धा तास उभी राहिली. खिडकीतून लाल धूळ आत येत होती. चिपळूणला चढलेल्या शेजारच्या बाई मुंबईला असलेल्या मुलाकडून परतत होत्या. त्यांनी डब्यातले घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार पोळे) माझ्यापुढे केले आणि या निळ्या गाठोड्यात काय आहे ते विचारलं. थंडीत झोपायची पिशवी, म्हटल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, आपल्याकडे कसली आलीय थंडी, पहाटे दोन गोधड्या घेतल्या की झालं. मलाही हसू आलं, पण राग काही उतरला नाही.

हातखंब्याला उतरले तेव्हा साडेअकरा होत आले होते. मुंबई-गोवा रस्त्यावरून रत्नागिरीचा फाटा फुटतो तिथे साळवींचं दुकान आहे. ताडपत्र्या, रेनकोट, होड्यांवर लागणारी लाइफ जॅकेटं, मुरुडसारख्या किनाऱ्यांवर हॉटेलवाले लावतात ते तंबू, आणि एका कोपऱ्यात स्लीपिंग बॅगा. साळवी पन्नाशीचे, पांढरा शर्ट, कपाळावर गंध. दोन गिऱ्हाइकं तंबू बघत उभी होती. मी बॅग गल्ल्यावर ठेवली आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

साळवींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कव्हरवरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बाई, लिहिलेलं आहे की नाही? कंपनीने तपासून लिहिलंय. पिशवीत खोट नाही. तुम्ही कोकणातल्या, तुम्हाला बर्फाची सवय नाही, त्याला पिशवी काय करणार?"

पुन्हा तेच वाक्य. आणि तेही हातखंब्यात जन्मलेल्या माणसाच्या तोंडून, ज्याने आयुष्यात बर्फ पाहिला असेल तो मासळीच्या पेटीत. माझे कान तापले. मी विचारलं, तुम्ही या पिशवीत कधी झोपलात का? ते म्हणाले, मला कशाला झोपायला लागतंय. मी म्हटलं, मग आज झोपा. रत्नागिरीत बंदराजवळ मासळीचं एक शीतगृह आहे, तिथे माझा जुना विद्यार्थी सुपरवायझर आहे. त्याच्याशी कालच बोलून ठेवलं होतं. मी स्वतःच जाऊन बसणार होते, पण आता तुम्हीच चला.

गिऱ्हाइकं तंबू सोडून आमच्याकडे बघायला लागली होती. साळवींची मान अडकली. त्यांनी भावाला गल्ल्यावर बसवलं आणि गाडीची किल्ली घेतली. निघताना मी कोपऱ्यातली दुसरी एक बॅगही उचलली. जाडजूड, करड्या रंगाची, महाग म्हणून दोन वर्षं कोणी न घेतलेली.

रत्नागिरीपर्यंत वीसेक मिनिटं लागली. बंदराकडच्या उतारावर सुकत्या मासळीचा वास आला. खाली खाडीच्या तोंडाशी होड्या लागलेल्या होत्या. शीतगृह म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची शेड. बाहेर कडक ऊन, आणि दाराच्या फटीतून पांढरी वाफ येत होती. संतोष दारातच उभा होता. मी त्याला आठवी-नववीला शिकवलं, आता तो चाळिशीचा आहे. त्याने सांगितलं की आतल्या खोलीत उणे अठरा असतं, तिथे तो आम्हाला नेणार नाही. पण पेट्या तात्पुरत्या ठेवायच्या बाहेरच्या खोलीत उणे पाच असतं, तिथे बसा. पिशवी उणे दहाची, खोली उणे पाच. साळवींना यात तक्रारीला जागा नव्हती.

मला न्यायाने वागायचं होतं. गेल्या वर्षीचेच लोकरीचे कपडे, टोपी आणि मोजे मी बरोबर आणले होते. टोपी आणि मोजे साळवींना दिले, स्वेटर माझा बसेना म्हणून त्यांनी संतोषचे दोन घातले. लाकडी फळ्यांवर चटई टाकली. साळवी बॅगेत शिरले, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि डोळे मिटून घेतले. भिंतीवर लाल आकडे दिसत होते. मी अंगावर शाल घेऊन स्टुलावर बसले होते, दर दहा मिनिटांनी बाहेर उन्हात जाऊन येत होते.

पहिली दहा मिनिटं साळवी मजेत होते. अगदी घरच्यासारखं वाटतंय, म्हणाले. वीस मिनिटांनी कुशीवर वळले. मग गुडघे पोटाशी घेतले. पस्तिसाव्या मिनिटाला त्यांचे दात वाजू लागले आणि मला ती रात्र अशी आठवली की माझ्याच पायांना मुंग्या आल्या. मी त्यांना उठायला सांगितलं. ते म्हणाले, अजून थोडं. हट्टी माणूस. पंचेचाळीस मिनिटांनी मात्र त्यांनी स्वतःच चेन उघडायचा प्रयत्न केला आणि त्यांना ती उघडेना. बोटं वळत नव्हती.

आतल्या खोलीतून पेट्या घेऊन एक बाई बाहेर येत होत्या. मंदाताई, संतोषने नाव सांगितलं. त्यांनी पेटी खाली ठेवली, साळवींची चेन खाली ओढली, अंगातलं जाकीट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि त्यांना धरून बाहेर उन्हात नेऊन बसवलं. गरम चहा दिला. साळवींनी कप दोन्ही हातांत धरून चहा संपवला आणि दुसरा मागितला.

संतोष तोवर बॅग उलटी करून बघत होता. आतल्या शिवणीत बोटभर पांढरी पट्टी होती, बारीक इंग्रजीतली. त्यावर एक नव्हे, तीन आकडे होते. तो वाचत गेला आणि मी मनात मराठी करत गेले. आरामात झोप लागेल: अधिक पाच. कसंबसं निभावेल: शून्य. जीव तगेल, पण शरीराला इजा होऊ शकते: उणे दहा.

मी ती पट्टी दोनदा वाचली. कव्हरवर हातभर अक्षरांत छापला होता तो तिसरा आकडा. तो झोपेचा आकडा नव्हताच. त्या थंडीत माणूस सकाळपर्यंत मेलेला नसेल, एवढंच तो सांगत होता. आणि त्यावर विसंबून मी अकरा हजार फुटांवर गेले होते. मला कंपनीचा राग आला, साळवींचा आला, शिबिरप्रमुखाचा तर आलाच. आणि पोरांना नकाशाखालची बारीक सूची आधी वाचा म्हणून पंचवीस वर्षं ओरडणाऱ्या भूगोलाच्या बाईंचाही आला. वर्षभर ही पट्टी माझ्या घरात होती.

साळवी हळू आवाजात म्हणाले, "मी आजवर आत बघितलंच नव्हतं, बाई. वरचं वाचून विकत होतो."

करड्या बॅगेची पट्टी आम्ही लगेच पाहिली. आरामाचा आकडा उणे नऊ. साळवींनी सांगितलं की पिसांची याहून हलकी येते. पण कोकणातल्या दमट हवेत पिसं ओल धरतील, त्यांचे गोळे होतील, म्हणून मला कृत्रिम धाग्याचीच बरी वाटली. वजन जास्त, ते मी उचलेन. मी तिच्यात शिरले. खांद्याशी बेताची, पायाशी वीतभर मोकळी, डोक्यावर आवळायची टोपी, चेनीच्या आतून जाड पट्टी. त्याच खोलीत मी तासभर पडून राहिले. अंग गरम राहिलं, पाठ तेवढी गारठली.

मंदाताई ये-जा करताना माझ्याकडे बघत होत्या. शेवटी थांबल्या.

"हीव (गारठा) खालनं येतं, बाई. वर कितीबी घ्या, अंगाखाली सुकं आणि जाड पायजे. आणि तोंड आत घालून श्वास सोडू नका, पिशवी आतनं भिजंल."

गेल्या वर्षी शिबिरात तीन दिवस व्याख्यानं झाली होती. यातलं एक वाक्यही मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी मंदाताई आणि तिथे काम करणाऱ्या इतर बायकांबरोबर शेडमागे जेवायला बसले. भात, बांगड्याचं तिखलं (दाट, तिखट कालवण) आणि कांदा. उन्हात पाठ शेकत जेवताना मी मंदाताईंचं जाकीट नीट पाहिलं. चेन तुटलेली, जागोजाग जाळ्याच्या नायलॉन दोरीने बांधलेलं, कोपराशी आतला कापूस गेलेला. त्या नऊ वर्षं इथे आहेत. दिवसातले चारेक तास, तुकड्यातुकड्यांनी, आतल्या उणे अठराच्या खोलीत जातात. आणि ते जाकीट त्यांचं एकटीचं नव्हतं. पाळी संपली की दुसऱ्या पाळीची बाई तेच घालते, ओलं असलं तरी.

मी विचारलं, मागितलं नाहीत का दुसरं?

"मागितलं की म्हणतात, अजून सवय नाय झाली का तुला." हे त्यांनी भाताचा घास कालवत, अगदी साध्या आवाजात सांगितलं.

मी शेजारी जेवत असलेल्या संतोषकडे वळले. माझ्या वर्गात बसलेला मुलगा म्हणून जरा जास्तच बोलले असेन. तो म्हणाला की त्याने मालकांच्या कानावर दोनदा घातलं आहे, तिसऱ्यांदा घातलं तर त्याचीच गरज उरणार नाही. तो खोटं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे आणखी चीड येत होती. मी म्हटलं, मी लिहिते मालकांना. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मंदाताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याजवळ आल्या.

"लिहायचं तर लिहा. पण माझं नाव नको त्यात. मुलगी बारावीला आहे."

मी नाव घालणार नाही असं सांगितलं, आणि इथेही त्यांचं खरं नाव लिहिलेलं नाही.

परतताना शहर मागे पडल्यावर साळवी म्हणाले, "त्या बाईंनी जाकीट मला दिलं तेव्हा त्या साध्या लुगड्यावर होत्या. माझ्या लक्षातच आलं नाही." त्यांना समजावणं किंवा धीर देणं माझ्याकडून त्या दिवशी होणार नव्हतं.

दुकानात पोचल्यावर त्यांनी निळी बॅग परत घेतली आणि करडी मला दिली. वर एक जाड चटईही दिली. मग मार्कर काढून कोपऱ्यातल्या सगळ्या बॅगांच्या शिवणी उलटून बघायला बसले. प्रत्येक कव्हरवर, छापील आकड्याच्या वर, मराठीत ठळक लिहीत गेले: 'झोपेसाठी अधिक पाच', 'झोपेसाठी शून्य'. एका गिऱ्हाइकाने मध्येच विचारलं, हे काय करताय, अशाने माल कसा खपेल? साळवी म्हणाले, नाही खपला तर नाही खपला. त्यांच्यावरचा माझा राग तिथे निम्मा उतरला. निम्माच, कारण आधी विकलेल्या बॅगांचं काय, हा प्रश्न मी विचारला तेव्हा ते पुढची शिवण उलटायला लागले.

दापोलीची बस संध्याकाळी मिळाली. करडी बॅग वरच्या फळीवर मावेना, म्हणून मी ती पोटाशी धरून बसले. खेडच्या पुढे घाट चढताना खिडकीतून गार वारा आला आणि लोक काचा ओढून घेऊ लागले. मी विचार करत होते की थंडी मोजायला आपल्याकडे यंत्र आहे, आकडे आहेत, पट्ट्या आहेत, तरी माणूस कुडकुडला की आपण पहिला दोष माणसालाच देतो. शिबिरात दिला, दुकानात दिला, आणि त्या शेडमध्ये तर नऊ वर्षं रोज देत आहेत. मी निदान चिडू तरी शकले. माझी नोकरी त्या थंडीवर अवलंबून नव्हती.

घरी आल्यावर जेवायच्या आधी पत्र लिहायला बसले. किती जाकिटं लागतील, प्रत्येकीला स्वतंत्र का हवं, ओलं जाकीट उणे अठरात काय करतं, हे सगळं मुद्देसूद लिहिलं, शाळेच्या अहवालासारखं. कोणी सांगितलं, ते लिहिलं नाही. खाली माझं पूर्ण नाव, गावाचा पत्ता आणि फोन नंबर घातला. मी तिथे कामाला नाही, मला तिथून कोणी काढू शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. पोचपावती आली, उत्तर आलेलं नाही. शुक्रवारी मी उत्तरेला निघते आहे. मालकांना दुसरं पत्र लिहून पाकिटात घालून ठेवलं आहे. खेड स्टेशनला जाताना टाकीन.