देशमानेबाई आणि मरून टॉवेल

देशमानेबाई मुलींना पिंपल्सचं मलम लावायला लावायच्या, ते बघण्यासारखं असायचं. सात रस्त्याजवळच्या मुलींच्या वसतिगृहात त्या रेक्टर होत्या. संध्याकाळची प्रार्थना झाली की पिंपल्सवाल्या मुली तोंड धुऊन, टिपून ओळीनं उभ्या राहायच्या. बाई ट्यूब हातात घेऊन ओरडायच्या, "वाटाण्याएवढं! पोळीला तूप लावतेस का गं?" वेळापूरकडची एक पोरगी कळवळून म्हणाली, "बाई, लई आग हुतीया की!" बाई म्हणाल्या, "तुझी एवढी होते, तर त्या जंतूंची किती होत असेल!" सगळ्या हसल्या. टॉवेलची ऑर्डर घ्यायला आलेला मीही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

त्याआधी पोरी पिंपल्सवर टूथपेस्ट लावायच्या, लिंबू चोळायच्या, गोरं करणारी बिननावाची क्रीमं फासायच्या. बाईंनी ते सगळं बादलीत गोळा करून फेकलं आणि त्वचेच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम दिलं. तेव्हापासून बाई येईल त्याला ऐकवायच्या, "नुसतं अँटिबायोटिक चोपडलं तर जंतू निर्ढावतात. ह्याला निर्ढावत नाहीत." मलाही ऐकवलं. मला काय करायचं होतं त्याचं? पण त्या जे करायच्या ते नेटानं करायच्या, हे मान्य.

सौद्याला बाई वस्ताद. मी मागावर बसून सुरुवात केलेला माणूस, भल्याभल्यांना भावात वाकवलंय. बाईंनी मला घाम फोडला. वर स्वतःचा पांढरा रुमाल ओला करून माझ्या मरून टॉवेलवर खसाखसा घासला. रुमाल पांढराच राहिला. "बरा आहे रंग," त्या म्हणाल्या. स्वतः म्हणाल्या! मग किनारीत वसतिगृहाचं नाव विणून घेतलं. नाव विणलेला माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, हे इथं शेंबडं पोरही सांगेल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांचा फोन. "रंग कच्चा निघाला तुमचा. न्या परत."

गेलो. टॉवेलांवर फिकट नारिंगी ठिपके, जागोजागी. पण किनारीतली पांढरी अक्षरं लख्ख. रंग कच्चा असता तर तो सुटून आधी अक्षरांना लागला असता. मी तावातावानं ते दाखवायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "आवाज खाली. मुली अभ्यास करताहेत." आणि एवढ्यावर थांबल्या नाहीत. ओळखीच्या बाकीच्या रेक्टरांनाही सांगून टाकलं, ह्यांचा रंग कच्चा असतो. आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या मी. ही नव्हती खाल्ली. बाजारात लोक माझा टॉवेल हातात घेऊन, बोट ओलं करून घासून बघायला लागले. माझ्यासमोर!

पुढं माझ्याच मुलीला पिंपल्स आले. डॉक्टरांनी तेच मलम दिलं आणि म्हणाले, "उशीला पांढरा अभ्रा घाल हं. हे रंगीत कापडाचा रंग खातं. त्यातून निघणारा ऑक्सिजन जंतू मारतो, तोच रंगही उडवतो." मी खुर्चीतून उठलोच. मुलगी म्हणाली, "अप्पा, बसा ना, लोक बघतायत!" कुठला बसतोय!

ट्यूब घेऊन तडक बाईंकडं. त्यांच्या टेबलावर ओल्या मरून टॉवेलला मलम लावलं. बाईंनी चहा मागवला. चहा संपला, टॉवेल तसाच. "झालं समाधान?" बाई म्हणाल्या. "उद्या बघा," मी म्हणालो.

सकाळी वॉचमननं गेट उघडायच्या आत मी दारात. मलम लावलं तिथं नारिंगी ठिपका उठला होता. बाईंनी चष्मा लावून बघितला, टॉवेलची घडी घातली, ठिपका आत. म्हणाल्या, "पुढची ऑर्डर पांढऱ्यांची घ्या."

"आधी त्या रेक्टरांना फोन करा."

"वेळ मिळाला की करते."

केला नाही. पुढं दर वर्षी माझ्याकडूनच पांढरे टॉवेल घेतले, तशीच घासाघीस करून. दर वर्षी मी विचारायचो, फोन केला का? "तुमचं आपलं एकच!" म्हणून बाई हसायच्या. औषधाच्या खोक्यात सूचनांचा कागद असतो, तो न वाचता खोकी फेकून देणारी ही बाई, आणि हट्टी म्हणे मी!

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शोकसभेला त्या सगळ्या रेक्टर पहिल्या रांगेत होत्या. एक जुनी मुलगी रडत म्हणाली, बाईंमुळं मला आरशात बघावंसं वाटलं. खोटं नव्हतं ते. कुणीतरी मला म्हणालं, "तुम्हीही दोन शब्द बोला."

मी माईक घेतला. "बाई चांगल्या होत्या," मी म्हणालो. "आणि आमचा रंग पक्का होता. बाईंनी ते डोळ्यांनी बघितलं होतं."

सभेत कुणाला काही कळलं नाही. पहिल्या रांगेला कळलं.