‘विषय काढायचा न्हाय’

अमावास्येला मुद्दाम शोरूममधून नवी गाडी बाहेर काढणारी बाई आहे मी. त्यामुळे हे वाचून कुणी मला लिंबू-मिरच्या सुचवू नयेत.

माझं काम कोरडं. शाळांमधली प्रशिक्षणं खरंच उपयोगी पडली का, ते तपासायचं. गेल्या वर्षी कागलजवळच्या एका शाळेत गेले होते. तिथल्या नववीतल्या मुलीने आत्महत्या केली, त्यानंतर शिक्षकांना प्रशिक्षण दिलं होतं — उरलेल्या मुलांशी कसं बोलायचं, कुणावर लक्ष ठेवायचं, याचं.

"ट्रेनिंग एक नंबर झालं की म्याडम!" मुख्याध्यापक म्हणाले.

"काय शिकलात?"

"विषय काढायचा न्हाय."

माझं डोकंच फिरलं. अफवा पसरवू नका असं शिकवलं होतं... यांनी पोरीचं नावच गिळून टाकलं! सकाळपासून जो तो आपला ‘ते प्रकरण’, ‘ती घटना’. मला कुणी नाव सांगितलं नाही, आणि आमच्या नियमाप्रमाणे मी विचारलंही नाही.

दुपारी स्टाफरूममध्ये शेवटी माझा तोल सुटला. सगळ्यांसमोर म्हणाले, "चिन्नीच्या शेजारी कोण बसायचं? ती पोरगी कशी आहे, विचारलंय कुणी?"

वर्गशिक्षिका देसाईबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"हे नाव कुणी सांगितलं तुमास्नी? शाळेत ती वैष्णवी. चिन्नी फकस्त तिची आई म्हणायची... कन्नड घर हाय त्यांचं. मी बी ती गेली त्या दिवशी तिच्या आईच्या तोंडनंच ऐकलं."

ते नाव माझ्या तोंडून कसं निघालं, मलाच कळेना. अंगावर सरसरून काटा आला. तेवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, "हे रिपोर्टात नको हं म्याडम" — आणि भीती बाजूला राहून पुन्हा संतापच आला.

वैष्णवीच्या शेजारी सानिका बसायची. ती दोन दिवसांपासून शाळेत आलीच नव्हती, अन् कुणी साधी चौकशी केली नव्हती. देसाईबाई आणि मी तशाच तिच्या घरी गेलो. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाईंनी तिला जवळ घेतलं.

"वैष्णवीची लई आठवण येते व्हय गं?"

तिने हंबरडाच फोडला. "बाई, मला वाटलं तुमी समदी तिला विसरलासा. मला बी तिच्याकडं जायचं हुतं..."

त्याच संध्याकाळी तिच्या आईवडिलांबरोबर तिला डॉक्टरांकडे नेलं. उपचार चालू आहेत, आता ती शाळेत जाते.

त्या दिवशी शाळेत घेतलेल्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग मी कितीदा तरी ऐकलं. चिन्नी हे नाव त्यात कुठेच नाही. मला ते कुणी सांगितलं, आजही माहीत नाही... जिवंत माणसांनी भरलेल्या त्या शाळेत एकानेही सांगितलं नाही, एवढं मात्र नक्की.