बाबांची घट्ट रिंग

शेजारी ग्रिलचं वेल्डिंग चाललंय. त्या जळक्या वासासरशी मी भोपाळच्या कारखान्याच्या कॉलनीत, आमच्या क्वार्टरच्या अंगणात जाऊन उभी राहते.

बाबा फिटर होते. कॉलनीत बास्केटबॉलचं कोर्ट नव्हतं, म्हणून ताईसाठी त्यांनी लोखंडी रिंग स्वतः वेल्डिंग करून बनवली. पण बेअरिंग बसवावं तशी, चेंडूच्या मापाला घट्ट. ताई दोन वर्षं तिच्यावरच खेळली. निवड चाचणीला तिने खरी रिंग पहिल्यांदा पाहिली आणि हसलीच. चेंडूमागून चेंडू आत पडत गेला. कोचने बाबांना विचारलं, "बिटिया को सिखाया किसने?" बाबा त्या रिंगचं माप डोळ्यांनी घेत होते.

संध्याकाळी ते करवत घेऊन अंगणात आले. "माझं मापच चुकलं गं. कापून मोठी करतो."

ताई रिंगखाली त्यांच्या आडवी आली. "राहू द्या बाबा. मला हीच हवी."

तेव्हा वाटलं, ती त्यांची समजूत काढतेय.

पुढे ताई अमेरिकेत कॉलेजच्या संघात फॉरवर्ड होती. आता स्पेनमधल्या व्यावसायिक क्लबकडून खेळते. मॅचआधी तिचा फोन येतो. बाबा एवढंच विचारतात, "तिथली रिंग सैलच आहे ना गं?"

"विहिरीएवढी आहे, बाबा."