पंखात दाभण शिरलं

आमच्या साहेबांना विमानातलं काही कळत नव्हतं. शेपटीखालच्या चाकाला ते पहिल्याच दिवशी स्टेपनी म्हणाले. तरीही पुढचे आठ-नऊ महिने त्यांच्या प्रत्येक भाषणाला मी टाळ्या वाजवल्या. म्हणून आज त्यांची लाज काढताना त्यात माझीही थोडी धरायला हवी.

निपाणीत वडिलांनी तंबाखूत मिळवलेलं सगळं त्यांना आयतं मिळालं होतं. त्यात एक रिकामी वखार होती. कुठल्याशा बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबातून त्यांनी दोन माणसांचं एक जुनं विमान आणून तिथं ठेवलं आणि योजना जाहीर केली: तरुणांनी हे विमान दुरुस्त करावं, आणि दुरुस्त करणाऱ्यांनीच ते उडवायलाही शिकावं. बेळगावात आयटीआय करून मी निपाणीत घरी बसले होते. आम्हा सहाजणांना घेतलं. मुलगी मी एकटीच. त्यामुळे फोटोत मला नेहमी पुढे उभं करायचे, हातात पाना देऊन. पाना बहुतेक वेळा चुकीचा असायचा.

खरं काम शिकवलं ते आप्पांनी. बोरगावचे, हवाई दलात मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. साहेब एप्रिलच्या उन्हात चामड्याचं जाकीट घालून रील काढत, तेव्हा आप्पा बनियनवर पंखाच्या लाकडी फासळ्या घासत बसलेले असत. त्या विमानाचे पंख म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. कापड प्रत्येक फासळीला मेणाच्या दोऱ्यानं शिवून टाकायचं. माझी आई अशाच एका वखारीत वर्षानुवर्षं तंबाखूची पोती शिवत होती, त्यामुळे टाका कसा आवळायचा हे मला शिकवावं लागलं नाही. पंख जिथं पातळ होतो तिथं मी तिचंच दाभण वापरायची.

"पोती शिवणारीची पोर हाय, हात बघा कसा चालतोय," आप्पा म्हणाले. साहेबांनी ते ऐकलं आणि पुढच्या भाषणात 'गरीब मजुराची कन्या' म्हणून मला स्टेजवर बोलावलं. मी गेले. हसलेसुद्धा.

डाव्या पंखाची शिवण शेवटाला आली होती. तपासणीसाठी ठेवलेल्या भोकातून हात घालून मी दोरा ओढत होते. दाभण सुटलं आणि पंखाच्या मुख्य दांड्यावर आपटलं. आपटलं म्हणजे काय, आत शिरलं. गुळाच्या ढेपेत शिरावं तसं. ज्या दांड्यावर पंखाचा सगळा भार, तो आतून कुजला होता.

आप्पांनी स्वतः टोचून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"कापड चढवायच्या आधी हे मीच बघायला पायजे होतं," ते म्हणाले. "आता सगळं उकलायचं. दुसरा इलाज न्हाय."

साहेबांनी ते हसण्यावारी नेलं. कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला होता, पाहुण्यांना पत्रिका गेल्या होत्या.

"आप्पा, एक चक्कर तर मारायची आहे. इतकी वर्षं टिकलं, दहा मिनिटं नाही टिकणार?"

"मी सही करणार न्हाय."

"मग दुसरा करील."

आणि दुसरा आला. पंखाला हातही न लावता त्यानं विमान उडवण्याजोगं असल्याच्या कागदावर सही केली, चहा पिऊन गेला. आप्पांनी येणं बंद केलं. आम्हा सहाजणांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. आमच्यातला कंग्राळीचा एक मुलगा लई हुशार. पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या पुढच्या सीटवर बसायला साहेबांनी त्याला निवडलं होतं. त्याला मी सांगितलं तर म्हणाला, "तुला काय करायचंय गं? माझं नाव बॅनरवर छापून आलंय." बॅनरसाठी मरायला तयार झालेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

कार्यक्रम एका कारखान्याच्या खासगी धावपट्टीवर होता. मांडव, हार, तीन भाषांत सूत्रसंचालन. विमान उडवायला बाहेरून एक वयस्कर वैमानिक बोलावला होता. ते विमानाभोवती फिरून पाहत होते. मी सरळ त्यांच्याकडे गेले आणि दाभण पुढे केलं.

"सर, डाव्या पंखात हात घाला. दांड्याला हे टोचून बघा."

साहेब धावत आले. "ट्रेनी आहे ती, घाबरलीय. लक्ष देऊ नका."

वैमानिकांनी भोकातून हात घातला. बराच वेळ काढला नाही. मग दाभण मला परत देत साहेबांना विचारलं, "पुढच्या सीटवर आज तुम्हीच बसा ना. तुमचंच विमान आहे."

"माझ्या पाठीचं जरा दुखणं आहे," साहेब म्हणाले.

आयुष्यात मी बरीच भित्री माणसं पाहिलीत, मीही त्यातलीच. पण दुसऱ्याच्या पोराला कुजक्या पंखावर बसवून स्वतःची पाठ सांभाळणारा माणूस एवढाच. वैमानिकांनी हातमोजे काढले आणि गाडीत जाऊन बसले. माईकवर 'तांत्रिक कारण' सांगितलं गेलं. लोक जेवले. श्रीखंड चांगलं होतं म्हणतात; मला त्याच वेळी गेटबाहेर काढलं होतं.

त्या दिवसानंतर साहेबांना विमान नकोसं झालं. दूरच्या एका हौशी माणसानं ते नेलं. वैमानिकांनीच त्याला आप्पांचा आणि माझा पत्ता दिला. आम्ही दोघांनी पंख उकलला, नवा दांडा बसवला, नवं कापड शिवलं. पावसाळा संपल्यावर वैमानिकांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. वर गेल्यावर थोडा वेळ विमान वळवायची काठी माझ्या हातात दिली. मी उजवीकडे वळवलं तर ते खरंच वळलं. मी मोठ्यानं रडले. इंजिनाच्या आवाजात कुणाला कळलं नाही.

त्या हौशी माणसानं टाकलेले उड्डाणाचे फोटो चारच दिवसांत साहेबांच्या फेसबुक पानावर झळकले. खाली लिहिलं होतं: 'आमच्या योजनेची भरारी.' साडेतीनशे लाइक. कंग्राळीच्या त्या मुलानं हात जोडल्याची खूण टाकली होती.

आईला दाखवलं. फोटोवरच्या साहेबांच्या नावावर बोट ठेवून ती म्हणाली, "ह्यो माणूस कोण गं? ह्यात कुठं दिसत न्हाय."