हरलेल्याला घरी पोचवायचं

मास्तरकी करणाऱ्याच्या कोटावर खडूची पूड आणि डोक्यात किस्से, दोन्ही झटकले तरी उरतातच. पूड निदान धुतली की जाते. किश्शांचं काय करायचं? कुणी ऐकणारं भेटलं की सांगून टाकायचे, दुसरं काय!

तेव्हा आमचा जिल्हा पश्चिम खानदेश, कचेरी धुळ्याला. शहाद्याकडच्या एका गावात आम्ही दोनच मास्तर. हेडमास्तरांना पोरं मोठे गुरुजी म्हणत, मला धाकटे.

पाढे, कविता, नकाशातली तापी, पोरं सगळं शिकायची. हरायला मात्र कुणी तयार नसायचं! त्यात पहिलीतली गोदी म्हणजे कहर. लंगडीत तिचा पाय टेकलेला सगळ्यांनी पाहिला, तरी ही कमरेवर हात ठेवून उभी.

"मी हारनू नही! मन्हा पाय हारना!"

आणि पाय हरला म्हणून बाहेर काढलं, तर उरलेली गोदी चावायची.

\*

एक दिवस तिचे वडील शाळेत आले. "गुरुजी, पोर रोज रडत येस. आते रडत उनी ते तिनी शाया बंद!"

मोठ्या गुरुजींचा चेहरा उतरला. आधीच शाळेत मुली बोटांवर मोजण्याइतक्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रूल काढला. जिंकेल त्याने हरलेल्याचं दप्तर उचलायचं, त्याला घरापर्यंत पोचवायचं आणि दारात म्हणायचं, "उद्या परत खेळू." पोरांच्या तोंडी त्याचं झालं, "सकाय परत खेयूत!"

हरलेलं लेकरू एकटं रडत घरी जाऊ नये, एवढाच हेतू.

त्या दिवशी गोदी हरली. हात हलवत पुढे गोदी, मागे तिचं दप्तर घेऊन जिंकलेला पोरगा, अशी वरात गावातून निघाली. आईने दारातच विचारलं, "जिकनी का वं?"

"नही. पन हमाल भेटना!"

\*

रडणं थांबलं. पण गोदी जिंकायची तेव्हा नवाच तमाशा.

"मी जिकनू ना? मंग मीच का बरं उचलू?"

रूल म्हणजे रूल. पोचवायचं नाही तर दुसऱ्या दिवशी खेळायचं नाही. ती ऐटीत निंबाखाली बसून राहायची, पण कुणाचं दप्तर कधी उचललं नाही. मोठे गुरुजी मला म्हणाले, "हरायला शिकली हो. आता जिंकायला कसं शिकवायचं?"

\*

बुधा नावाचा एक मुलगा लांबच्या मळ्यातून चालत यायचा. त्याला हरवणं म्हणजे मळ्यापर्यंत जाऊन परत येणं, तेही मधल्या वाटेवरच्या कुत्र्यांसकट! त्यामुळे बुधा कधी कुणाकडून हरायचाच नाही. शाळेचा चॅम्पियन!

डेपुटी साहेब तपासणीला आले, तेव्हा मोठ्या गुरुजींनी हौसेने धावण्याची रेस ठेवली. जो पहिला येईल, त्याने शेवटच्याला पोचवायचं. पोरं वाऱ्यासारखी सुटली. रेषेपाशी येऊन एकाने मागे पाहिलं. शेवटी बुधा! सगळी जागच्या जागी थांबली.

"तू जाय!"

"नही, तू जाय ना भो!"

मागून बुधा रमतगमत आला आणि सगळ्यांच्या मधून रेष ओलांडून गेला.

डेपुटी साहेबांनी चष्मा पुसला. "मास्तर, इतकी विनयशील मुलं मी उभ्या जिल्ह्यात पाहिली नाहीत!"

\*

शनिवारी शाळा सुटली की आम्ही दोघे तिथेच ओसरीवर सोंगट्या मांडायचो. मोठे गुरुजी हरायला लागले की त्यांना आभाळ दिसायचं.

"मी हरलो नाही, धाकटे. अंधार पडला!"

एकदा ओसरीच्या कठड्याला पोरं लटकली होती. त्यातून गोदीचा आवाज आला, "गुरुजी, छत्री दी द्या ना त्यासले!"

काय करतात! त्यांनी मुकाट्याने छत्री माझ्या हातात दिली. मी ती गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत वाहिली आणि दारात अदबीने म्हणालो, "उद्या परत खेळू." त्यांनी दार लावून घेतलं!

घरी पोचलो तेव्हा आमची मंडळी चुलीपुढे बसली होती. वर न बघता म्हणाली, "आज जिंकलात वाटतं. भाकरी गार झाली."

मग दर शनिवारी माझा निकाल तिला भाकरीवरूनच कळायला लागला.

\*

त्याच वर्षी पौषात ती तापाने गेली.

दिवसवार झाले आणि मी शाळेत गेलो. शनिवार होता. मोठ्या गुरुजींनी सोंगट्या काढल्या नाहीत. पोरंही हळू बोलत होती.

शाळा सुटली. पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर खुंटी रिकामी.

गोदी दारात उभी होती. एका खांद्यावर तिचं दप्तर, दुसऱ्यावर माझी पिशवी, आणि हातातल्या माझ्या छत्रीचं टोक जमिनीला घासत होतं.

"चाला गुरुजी."

मी पिशवी मागितली. तिने मान हलवली. पारापाशी पोरींनी तिला खेळायला हाक मारली, तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटेत पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर केली, एवढंच.

मी कुलूप काढलं. तिने पिशवी ओट्यावर ठेवली, छत्री भिंतीला नीट टेकवली आणि मागे सरून उभी राहिली.

"सकाय परत खेयूत, गुरुजी."

आणि पळाली.