पुरवणी मॅडम

मॅडमना कुठलीही गोष्ट पूर्ण झाली असं वाटतच नसे. कोणाच्या लग्नाची पत्रिका हातात आली की त्या तिच्या मागच्या बाजूला रिक्षास्टँडपासून हॉलपर्यंतचा नकाशा काढून देत. औषधाच्या पाकिटावर पेनाने लिहीत, 'ह्या गोळीने झोप येते, बाईक चालवू नकोस.' परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की मुलं पुरवणी मागतात, तशा त्या आयुष्यभर पुरवण्या जोडत राहिल्या. कामगारांनी त्यांचं नावच पुरवणी मॅडम पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला एका रसायन कारखान्यात त्या प्रशिक्षण अधिकारी होत्या. अधिकारी म्हणायचं एवढंच. खात्यात त्या एकट्या, आणि त्याही करारावर. नव्या कामगाराला आत सोडण्याआधी मोबाइलवर इंडक्शन कोर्स, म्हणजे कामाची आणि धोक्यांची ओळख, पूर्ण करावा लागे. कोर्स मुख्य कार्यालयाने बनवलेला. कितीजणांनी केला ते वर कळवायचं, हे मॅडमचं काम. पण प्रत्येक धड्याखाली 'अधिक साहित्य' नावाची एक रिकामी जागा होती. बनवणाऱ्यांनी ती शोभेला ठेवली असावी. मॅडमनी ती भरायला घेतली. कारखान्यातले खरे फोटो, ऑपरेटरांच्या आवाजातली माहिती, वारा कुठून येतो ते दाखवणारं साधं चित्र. त्यासाठी त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी त्या कारखान्याच्या गेटवर कंत्राटी कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटायचे. अजूनही वाटते. पहिल्याच दिवशी मॅडमनी एक घेतलं, उभ्याउभ्या वाचलं आणि मला विचारलं, "शोषण किती वेळा आलंय गं यात?"

"जितकं होतंय तितकं," मी म्हटलं.

"बरं. आणि गॅस सुटला तर कुठल्या दिशेला पळायचं, ते कुठे आहे?"

"ते सांगणं कंपनीचं काम आहे."

"कंपनी ते करत नाही म्हणूनच तू उन्हात उभी आहेस ना? मग मागची बाजू कोरी का सोडलीस?"

मला भयंकर राग आला. पुढच्या पत्रकाची मागची बाजू मात्र मी कोरी सोडली नाही.

तो कोर्स कसा केला जायचा हे लिहायलाच हवं, कारण कंपनीच्या चकचकीत अहवालात ते सापडणार नाही. मुकादम सगळ्यांचे फोन गोळा करून चहाच्या टपरीवर बसायचा आणि अंगठ्याने 'पुढे, पुढे' दाबत जायचा. उत्तरं त्याला पाठ होती. कामगार तोवर आत कामाला लागलेला असायचा. झालं प्रशिक्षण.

मॅडम जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये येऊन बसायच्या आणि तोच धडा पुन्हा दाखवायच्या. 'समजलं का' असं त्या कधी विचारत नसत. "समजलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात. घरी मीपण तेच करते," असं त्यांचं म्हणणं. त्या म्हणायच्या, "आता तू मला सांग."

कोर्समध्ये एक ओळ होती, 'मर्यादित जागेत परवानगीशिवाय प्रवेश घेऊ नये.' इंग्रजीवरून कोणीतरी बसल्याबसल्या पाडलेलं भाषांतर. सांगायचं होतं ते असं, की टाकी, हौद अशा कोंदट ठिकाणी उतरू नका, आत विषारी गॅस साठलेला असतो. मॅडमनी गणेश नावाच्या नव्या कंत्राटी कामगाराला ती ओळ दाखवली. तो म्हणाला, "सीटा कमी आहेत, मॅडम. आधी विचारून मग ॲडमिशन घ्यायची."

टेबल हसलं. त्याच्याच चाळीतला मित्र संदेश म्हणाला, "ह्याला बारावीला कोणी घेतलं नाय, इथे कोण घेणार?"

गणेशचं काय चुकलं? डोंबिवलीतल्या प्रत्येक खांबावर क्लासवाल्यांनी तेच लिहून ठेवलंय, 'मर्यादित जागा, त्वरित प्रवेश घ्या.' मॅडम हसल्या नाहीत. अर्धा डबा बंद करून उठल्या.

त्याच आठवड्यात 'अधिक साहित्या'त एक छोटा व्हिडिओ आला. कारखान्यामागच्या सांडपाण्याच्या हौदाशी मॅडम उभ्या. "हा हौद. ह्यातला गॅस दिसत नाही. उतरू नकोस. आत कोणी पडला तरी उतरू नकोस. ओरड, मास्कवाल्यांना बोलाव. तुझा भाऊ असला तरी."

शेवटच्या वाक्यावर संदेश भडकला. "आपला माणूस आत तडफडतोय आणि आपण काठावर बोंबलायचं?"

"उतरलास तर दोघं जाल."

"मग दोघं जाऊ."

"आईला विचारून ये आधी," मॅडम म्हणाल्या.

मुख्य कार्यालयाने कळवलं की 'हौद' हा मंजूर शब्द नाही, मंजूर शब्द 'मर्यादित जागा' हाच आहे, सबब व्हिडिओ काढावा. मॅडमनी उत्तर दिलं, "शब्द तुमचा ठेवा, व्हिडिओ मी काढणार नाही." झाकण नसलेला हौद त्यात स्वच्छ दिसत होता, खरं दुखणं ते होतं.

काही महिन्यांनी हौदातला पंप अडकला. मुकादमाने गणेशला आत उतरवलं. गॅस तपासला नाही, पट्टा बांधला नाही, मास्क दिला नाही. याला मी अपघात म्हणणार नाही. गणेशने तो व्हिडिओ पाहिला होता. पण मुकादमाला नाही म्हटलं की उद्यापासून काम नाही, आणि त्यावरची पुरवणी कुठल्याच कोर्सला जोडता येत नाही. गणेश शिडीवरच कोसळून खाली पडला. संदेश काठावर होता. त्याने एक पाय शिडीवर टाकला होता, असं पाहणारे सांगतात. मग तो मागे घेतला आणि घसा फुटेस्तोवर ओरडत राहिला. मास्कवाले पोहोचले तेव्हा उशीर झाला होता.

चौकशीत कंपनीने लिहिलं, मृत कामगाराने प्रशिक्षण पूर्ण केले होते. आणि हौदाच्या धोक्याची कल्पना कंपनीला होती हे सिद्ध करणारा व्हिडिओ कोर्समधून नाहीसा झाला. मॅडमनी त्याची प्रत सरकारी निरीक्षकाच्या हातात नेऊन दिली. त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

त्यांच्यावरच्या अन्यायाचं पत्रक मी रागारागाने लिहून नेलं. त्यांनी ते परत केलं. "माझ्यावर कसलं काढतेस? हौदावर काढ. त्याला अजून झाकण नाही."

संदेश त्यांच्याशी बोलेनासा झाला. "बाईंचं ऐकलं म्हणून मी बघत राहिलो," असं तो सगळ्यांना सांगे. मॅडम दर रविवारी ठाण्याहून, वर्तकनगरच्या घरातून, त्याच्या चाळीत जायच्या. तो दार लावून घ्यायचा. त्या बाहेर पायरीवर बसायच्या, त्याच्या आईशी चार शब्द बोलायच्या आणि परत यायच्या.

मी एकदा चिडून म्हटलं, "मॅडम, तुमची काय चूक? कशाला जाता अपमान करून घ्यायला?"

"चूक कोणाची, ते नाही गं. उतरू नकोस, एवढंच मी शिकवलं. जो उतरला नाही त्याने नंतर जगायचं कसं, ते कुठे शिकवलं? ते राहूनच गेलं."

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. झोपेतच. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती आणि बोलायला मी होते. मी कारखान्याचे, मुकादमाचे, व्हिडिओ मिळूनही न हललेल्या निरीक्षकाच्या कचेरीचे सगळे वाभाडे काढणारं भाषण लिहून नेलं होतं. माझं नाव पुकारण्याआधीच मागून संदेश उठला.

"मी मॅडमशी शेवटपर्यंत बोललो नाही," तो म्हणाला. "त्या दर रविवारी यायच्या, मी आत बसायचो. दाराच्या फटीतून त्यांची सावली दिसायची. लय वाईट दिवस होते ते. मनात नको ते यायचं. मग वाटायचं, बाहेर बाई बसलीय, आज नको. असे सगळे रविवार गेले."

तो खाली बसला.

मी भाषणाची पानं घडी करून पिशवीत घातली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.